हायासेची पंगत आणि चार दहाची बस

"प्लॅनिंग माझ्यावर सोडा!" असं गुणवंतने छातीवर हात मारून सांगितलं आणि तिथेच सगळं बिनसायला सुरुवात झाली.

हा गुणवंत जपानमधल्या सेंदाईच्या युनिव्हर्सिटीत पोस्टडॉक. काँक्रीटला तडे का जातात हे शोधायचं त्याचं काम. घरी मात्र दुधाचा खोका न सांडता उघडता येत नाही! दोन हजार अकराच्या मार्चमध्ये भूकंप झाला तेव्हा सेंदाईत वीज नाही, गॅस नाही, दुकानांत ब्रेडचा तुकडा नाही. त्या वेळी हायासेच्या खोऱ्यातल्या हारुए-सान या म्हाताऱ्या बाईंनी गुणवंतला आणि त्याच्या बायकोला, अनुराधाला, आठ दिवस आपल्या र्योकानमध्ये ठेवून घेतलं. गरम पाण्याच्या झऱ्यावरचं त्यांचं ते जुनं लाकडी अतिथिगृह. त्याआधी ही दोघं तिथे फक्त एकदा राहून गेली होती. एवढ्याशा ओळखीवर आठ दिवस!

भूकंपानंतर खोऱ्यात माणूस फिरकेना. जे येत ते फोटो काढत आणि संध्याकाळी चार दहाच्या शेवटच्या बसने परत जात. दोन वर्षांनी हारुए-सान शांतपणे म्हणाल्या, "या शरदात कुणी मुक्कामाला आलं नाही, तर दारावरचा पडदा कायमचा उतरवून ठेवीन, र्योकान बंद."

हे ऐकताच गुणवंत उठला. तो थेट खोऱ्यातल्या तिन्ही गावांच्या सभेत जाऊन उभा राहिला. वरचं, मधलं आणि खालचं, अशी ही तीन गावं. पाटाच्या पाण्यावरून वरचं आणि खालचं गाव एकमेकांशी धड बोलतही नव्हतं. पण हारुए-सानचा पडदा म्हटल्यावर सगळे एका टेबलाशी बसले. तांदूळ खालच्या गावाचे, लाल घेवडा मधल्या गावाचा, गरम झरे वरच्या गावाचे. आणि मधल्या गावात अळूचे कंद काढून पानं फेकून देतात, हे कळल्यावर अनुराधा जवळजवळ किंचाळली. "फेकून? अहो, फतफतं करते मी त्याचं!"

ठरलं. ऑक्टोबरच्या रविवारी 'भारतीय पंगत आणि तीन गावांची सफर'. गुणवंतने मिनिटामिनिटाचं शेड्यूल छापून लॅमिनेट केलं. बारा ते पाऊण जेवण, एक वाजता धबधबा, अडीचला भातशेती, साडेतीनला गरम पाण्यात पाय. खोरं बघून पाहुणे असे काही भारावतील, की मुक्काम केल्याशिवाय हलणारच नाहीत!

"आणि नाही भारावले तर?" अनुराधाने विचारलं.

"शेड्यूल बघ ना! भारावायला पंधरा मिनिटं ठेवली आहेत."

रविवारी छत्तीस पाहुणे बसने आले. बंद पडलेल्या शाळेच्या हॉलमध्ये पंगत बसली. वाढायला टोकियोतल्या हिगाशी-कसाईहून गुणवंतचा मित्र धीरज आपली सहा जणांची फौज घेऊन आला होता. भात, वरण, फतफतं, लाल घेवड्याच्या पुरणाची पोळी. पाहुणे खूश!

आता गंमत बघा. जपानी माणूस ताटात शीत ठेवत नाही. ठेवलं तर रांधणाऱ्याचा अपमान. आणि मराठी माणसाला पाहुण्याचं रिकामं ताट बघवत नाही. रिकामं ताट म्हणजे पाहुणा उपाशी!

पाहुण्यांनी ताट चाटूनपुसून साफ केलं, की धीरज पोळी टाकायचा. पाहुणे दोन्ही हात हलवून "नको, नको" म्हणायचे. पण पहिल्या नकोला मानतो तो वाढपी कसला?

"लाजतायत बिचारे!" म्हणून धीरज आणखी एक टाकायचा. पडलेली पोळी संपवायलाच हवी. संपली की ताट रिकामं. रिकामं दिसलं की अनुराधा पातेलं घेऊन हजर!

पाऊण वाजला. गुणवंतने शिट्टी फुंकली. कुणी उठलं नाही. दीड वाजला. एक आजोबा डोळे मिटून, युद्धावर निघाल्यासारखे सातवी पोळी खात होते.

"अनुराधा, थांबव! धबधबा गेला!"

"पंगतीतून उठवू माणसांना? शोभतं का?"

अडीचला भातशेती गेली. सव्वातीनला हारुए-सान धापा टाकत आल्या आणि त्यांनी अनुराधाचा हात धरला. "ताटात थोडं टाकायची परवानगी द्या हो यांना!"

तेव्हा कुठे उलगडा झाला. पण तोवर छत्तीसच्या छत्तीस पाहुणे हॉलच्या चटयांवर आडवे झाले होते. काही पाहिलं नाही, कुणी भारावलं नाही! आता हे चिडणार, खोऱ्याचं नाव बदनाम होणार, हारुए-सानचा पडदा उतरणार, आणि हे सगळं आपल्यामुळे! गुणवंतला रडूच यायला लागलं.

चार वाजून नऊ मिनिटांनी तो बसकडे धावला, पायरीवर चढला आणि म्हणाला, "ड्रायव्हर-सान, अर्धा तास थांबा! छत्तीस माणसं उचलून आणायची आहेत!"

पांढरे हातमोजे घातलेल्या ड्रायव्हरने घड्याळ पाहिलं, अत्यंत अदबीने मान लववली आणि म्हणाला, "दार बंद होत आहे. कृपया बसून घ्या."

दार बंद झालं. चार दहा म्हणजे चार दहा!

तासाभराने गुणवंत खोऱ्याबाहेरच्या रेल्वे स्टेशनवर उतरला. पाकीट हॉलमधल्या जाकिटात, परतीची बस सकाळी. स्टेशनमास्तरांच्या पाया पडून त्याने र्योकानमध्ये फोन लावला.

"अरे, होतास कुठे?" अनुराधाने फोन उचलला होता, मागे हसण्याचा गलका चालला होता. "कुणालाच उठता येईना, मग सगळे राहिले! हारुए-सानकडे बारा, मधल्या गावात दहा, खालच्या देवळात चौदा. गाद्या कमी पडल्या, तर वरच्या गावाच्या गाद्या खालच्या गावाने आपल्या ट्रकमधून नेल्या! सातव्या पोळीवाले आजोबा तर पुढच्या वर्षीचं बुकिंग करून मोकळे झाले. उद्या धबधबा बघणार आहेत सगळे."

"आणि हारुए-सान?"

"त्या पडदा इस्त्री करतायत. रडतायत आणि इस्त्री करतायत."

गुणवंतने स्टेशनमास्तरांसमोरच डोळे पुसले. मग छाती फुगवून म्हणाला, "म्हणजे माझं प्लॅनिंग यशस्वी झालं!"

पुढच्या महिन्यात तिन्ही गावांचा एकत्रित अहवाल निघाला. पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत आकडे होते.

मुक्कामाला राहिलेले पाहुणे: छत्तीस.

त्याच दिवशी परत गेलेले: एक (नियोजन प्रमुख).