दत्तूमामांची परवानगी

दत्तूमामा आमच्या नवी पेठेतल्या घरी आले की उंबऱ्यावरच थांबत. "आत यायला परवानगी हाय का? अर्ज कुनाकडं द्यायचा?" मी म्हणे, मंजूर. मग चहाला दुसरा अर्ज, पानाला तिसरा. आमचे हे एकदा म्हणाले, मामा, शिंक आली तर? मामांनी गंभीरपणे सांगितलं, "त्याला वरच्या सायबाची सही लागती."

हे खूळ कचेरीनं लावलेलं. ज्वारी जिल्ह्याबाहेर न्यायलाही परवाना लागे, तेव्हाची गोष्ट. मोहोळकडच्या रानात मामांनी नवी विहीर खणली. काठावर दगडाचा ढीग पडला. त्याचाच विहिरीला कट्टा बांधायचा, एवढाच त्यांचा बेत. पण कचेरीतले भाऊसाहेब म्हणाले, जमिनीतून निघाला म्हणजे खनिज. खाणवाल्यासारखा परवाना काढा, तोवर हात लावू नका. स्वतःच्या विहिरीचा दगड स्वतःच्याच विहिरीला लावण्यात सरकारचं काय जातं, हे मला आजही उमगलेलं नाही.

मामा भांडले नाहीत. ते नियम पाळू लागले, आणि तेही एकूण एक. भुईमूग उपटताना माती वर येते, ती चालेल का? कोंबडी उकरते, तिचा अर्ज वेगळा की माझ्यातच धरायचा? मामा दिसले की भाऊसाहेब जेवायला उठत.

आमच्याकडं मात्र मामा कधी जेवायला थांबत नसत. "घरी कट्टा न्हाय की," म्हणत दुपारची एसटी गाठत. मला वाटे, हेही खूळच.

माझी कामं यादीप्रमाणे उरकतात; मामांच्या परवान्याचं हेच एक महिनोन्‌महिने लटकलं होतं. जागा पाहून थेट कचेरीतल्या वरच्या साहेबांना गाठायचं ठरवलं आणि एका रविवारी रानात गेले.

घराच्या दारापासून विहिरीपर्यंत दोर बांधला होता. तो धरून मामी रिकामी घागर घेऊन विहिरीकडं येत होत्या. त्यांची नजर अधू झाल्याचं कानावर होतं; पार गेली होती, हे मामांनी कळू दिलं नव्हतं. उघड्या काठावर, विहिरीकडं पाठ करून, मामा हात पसरून उभे होते. मामींचा हात त्यांच्या छातीला लागला, तशा त्या थांबल्या.

पाणी तुम्हीच का भरत नाही, मी विचारलं.

"बसून ऱ्हानं तिला जमत न्हाय. परवाना येस्तवर कट्टा म्हंजे मीच."

मी पदर खोचला. ढिगातला पेलेल असा दगड उचलला आणि काठावर नेऊन ठेवला.

"अगं, परवानगी?" मामा म्हणाले.

मामांचा हात धरून मामी वाकल्या. त्यांनी दगड चाचपला.

"दिली की," त्या म्हणाल्या. "दुसरा आना."