चंद्रतालकाठचा कौल

मौन कसे पाळावे, हे मला कोणी शिकवू नये! वल्लरीला पाहायला गेलो, तेव्हा शनिवार पेठेतल्या तिच्या घरी मी इतके निर्दोष मौन पाळले, की तिच्या आत्याबाईंनी, सुशीलाबाईंनी, अखेर माझ्या आईलाच विचारले, "ह्यांना ऐकू येतं ना?"

वल्लरी मात्र बोलली. "हिमालयात चंद्रताल आहे ना, त्याच्या काठी बसलं की मनातलं सगळं निवळतं म्हणे." त्या एका वाक्यावर मी विश्रांतवाडीपर्यंत तरंगत आलो. आमचा होकार त्याच संध्याकाळी गेला; तिकडून उत्तर येईना. मग मी ठरवले: त्याच तळ्याकाठी बसावे, मन निवळू द्यावे आणि वल्लरीशी चार वाक्ये बोलू शकणारा पुरुष होऊन परतावे. आईला "डोंगरात जातो" एवढेच सांगितले, आणि मनालीलाच फोन बंद केला.

तळे पाहिले आणि शब्दच नव्हे, श्वासही ओशाळला. आकाशाने आपली एक निळी आठवण डोंगरांच्या ओंजळीत ठेवून दिली होती. तंबूवाल्याने दिलेली तांबूस घोंगडी पांघरून, वाढलेल्या दाढीनिशी, मी डोळे मिटले. मी विरघळू लागलो. आता फक्त पाणी होते, आणि...

"अहो, परतीची वाट कुठली?"

अस्सल पुणेरी स्वर! मी लाजेने अधिकच घट्ट डोळे मिटले.

"मौनात दिसताहेत!"

"महाराज आहेत! चपला काढा!"

"रांग लावा!" एक खर्जातला आवाज कडाडला. "उत्तरेश्वर म्हणतात मला, रांग मोडलेली चालत नाही!"

बघता बघता माझ्या मांडीवर बेदाणे, सुपारी आणि एक अर्धा लाडू जमा झाला. आता तोंड उघडणे म्हणजे साऱ्या सहलीसमोर पंचनामा! मी हिमनदीसारखा गोठून बसलो.

मग एक ओळखीचा आवाज आला. सुशीलाबाई!

"महाराज, भाचीचा प्रश्न आहे. विश्रांतवाडीचं स्थळ. आम्ही होकार कळवला, तर मुलगा फोन बंद करून परागंदा! आईलाही पत्ता नाही! हिचं मन रमावं म्हणून इथे आणलंय. थांबावं, की दुसरं स्थळ बघावं?"

होकार! माझ्या छातीत घंटानाद सुरू झाला.

"आत्या, पुरे ना," वल्लरी पुटपुटली.

"गप्प बस. महाराज बोलत नाहीत, तर आपण कौल लावू." त्यांनी माझ्या दोन्ही गुडघ्यांवर एकेक सुपारी ठेवली. "उजवी पडली तर थांबायचं. डावी पडली तर मार्केट यार्डातल्या व्यापाऱ्यांचं स्थळ!"

मी सारे आयुष्य उजव्या गुडघ्यात एकवटले. हळूच, अगदी दैवी वाटेल असा, तो हलवू लागलो. आणि नेमक्या त्याच क्षणी बधिर झालेल्या डाव्या पायात मुंग्यांचे वारूळ फुटले!

टप्प.

"डावी!" आत्याबाई उद्गारल्या. "संपला विषय!"

"नाही!" मी किंचाळलो. समोरच्या डोंगरानेही तीनदा नाही म्हटले. "ती धरू नका! पायाला मुंग्या आल्या होत्या! वल्लरी, मी पळालो नाही हो, तुमच्याशी बोलता यावं म्हणून इथे आलो होतो!"

घोंगडी गळून पडली. वल्लरीने मला आपादमस्तक न्याहाळले, आणि तळ्यावर वाऱ्याची झुळूक उमटावी तशी ती हसली.

"थांबू या, आत्या."

"आणि हा कौल?"

"तो त्यांच्या पायाला लागला, मला नाही."

माझे डोळे पाणावले. त्या निळाईला शोभेल असे एखादे वाक्य मी जुळवू लागलो, तोच उत्तरेश्वरकाका मागच्या लोकांकडे वळले.

"लक्षात आलं ना सगळ्यांच्या? डावी पडली, तरी लग्न ठरलं. म्हणजे महाराजांचा कौल उलटा धरायचा!"

आणि त्यांनी माझ्या गुडघ्यांवर दोन नव्या सुपाऱ्या ठेवल्या. "बसा तसेच. आमच्या सोसायटीच्या लिफ्टचा प्रश्न आहे."