हरीभाऊंचं बटण

लग्नात शेवटचं 'सावधान' झाल्यावर अख्खं वऱ्हाड खाली वाकून अक्षता चिवडताना मी आयुष्यात एकदाच पाहिलंय. लग्न आमच्या कंपनीतल्या एका मुलीचं होतं, पेणच्या हॉलमध्ये. वाजंत्री थांबली होती, भटजी अवघडून उभे होते आणि नवरदेव हार सावरत स्वतःच्याच पायाखाली बघत होता. सगळे शोधत होते हरीभाऊंचं बटण. बटण लाल, हरभऱ्याएवढं, आणि अक्षताही लाल. शेवटी ते भटजींच्या ताम्हनात सुपारीशेजारी सापडलं, तोवर त्याच्यावर हळदीकुंकूही पडलं होतं. हरीभाऊंनी ते पँटला पुसलं, कॅमेऱ्यावर फिरवून बसवलं आणि म्हणाले, "व्हय, आता घाला हार." हार घालून झाले होते. ते काढून पुन्हा घालावे लागले.

हरीभाऊ रोह्याला आमच्या कंपनीत इन्स्ट्रुमेंट फिटर होते, मी तिथेच प्रयोगशाळेत. नव्वदच्या दशकातली गोष्ट, रोलचे कॅमेरे होते तेव्हाची. त्यांच्या जुन्या कॅमेऱ्याच्या शटरच्या बटणाला मधोमध एक बारीक, आट्यांचं भोक होतं. त्या भोकात स्क्रूसारखं फिरवून वरून दुसरं छोटं बटण बसवता येतं, त्याने बोटाला गादीवर टेकल्यासारखं वाटतं आणि कॅमेरा हलत नाही. हे सगळं मला माहीत असण्याचं कारण म्हणजे हरीभाऊंनी ते कंपनीत प्रत्येकाला सांगितलं होतं. वॉचमनला तर दोनदा.

"दाबायचं नाय, टेकायचं," हे त्यांचं ब्रीद. ते फक्त कॅमेऱ्यापुरतं नव्हतं. कुणी कॅलक्युलेटर जोरात बडवला, दारावरची बेल कचकन दाबली, की हरीभाऊंच्या चेहऱ्यावर कळ उमटायची. एकदा आमचे मॅनेजर लिफ्टचं बटण अंगठ्याने रेटत होते. हरीभाऊंनी त्यांचा हात हळूच बाजूला केला, स्वतःचं बोट टेकवलं आणि लिफ्ट आली. ती तशीही येणारच होती, पण मॅनेजर त्यानंतर जिन्याने जायला लागले.

दुःख एकच होतं. ते बटण टिकत नसे. पिशवीत घासून घासून आटे ढिले व्हायचे आणि ते कुठेतरी गळून पडायचं. हरीभाऊंनी आट्यांना शिवणाचा दोरा गुंडाळून पाहिला. सायकलच्या व्हॉल्व ट्यूबची बारीक चकती कापून मध्ये घातली. कुणीतरी सांगितलं म्हणून डिंक लावला, तर ते असं बसलं की काढताना पक्कड लागली आणि हरीभाऊ दोन दिवस जेवले नाहीत. मग एके दिवशी भर कँटीनमध्ये माझ्या टेबलाशी येऊन त्यांनी माझ्याकडे नेलपॉलिश मागितलं. सगळ्या कँटीनचे चमचे थांबले. "आट्यांना एकच थेंब," ते गंभीरपणे म्हणाले, "धरून पण ठेवतंय नि सोडवलं तर सुटतंय पण." मी बाटली दिली. पुढे आठवडाभर लोक हरीभाऊंची नखं बघत होते.

बटण पक्कं झालं तशी नवी अडचण आली. उंच झालेलं ते बटण पिशवीत आपोआप दाबलं जायचं आणि रोलवर पिशवीतला अंधार निघायचा. त्यावर त्यांनी टूथपेस्टचं झाकण उपडं घालून रबरबँडने बांधलं. फोटो काढायच्या आधी रबरबँड सोडा, झाकण काढा, खिशात ठेवा. तोवर हसणारे लोक हसायचे थांबलेले असायचे.

अशा माणसाला मी माझ्या आईचा फोटो काढायला बोलावलं.

त्याचं कारण आईच होती. तिच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं होतं, मुंबईला. डॉक्टरांनी धोका लपवला नव्हता आणि आईनेही स्वतःपासून लपवला नाही. "एक बरा फोटो काढून ठेव गो," ती म्हणाली. "डोळे मिटलेली मला भिंतीवर टांगू नको." कारण आमच्या घरातल्या एकूण एक फोटोत तिचे डोळे मिटलेले होते. स्वतःच्या लग्नात, माझ्या बारशात, गणपतीसमोर, सगळीकडे समाधी लागल्यासारखी. रोह्यातल्या स्टुडिओतही जाऊन आलो होतो. तिथेही तेच झालं.

हरीभाऊ आले, आईला 'आये' म्हणाले आणि लाल बटणाने फोटो काढला. मिटलेले. पुन्हा काढला, पुन्हा मिटलेले. तिसऱ्यांदा त्यांनी कॅमेरा खाली घेतला आणि मला बाजूला बोलावून सांगितलं की आये भिंगाकडे बघतच नाय, माझ्या बोटाकडे बघते, आणि बोट हललं की डोळे मिटते. लाल बटण काढून त्यांनी त्या भोकात लांबून शटर दाबायची केबल बसवली. आई केबल धरलेल्या अंगठ्याकडे बघायला लागली.

पुढच्या रविवारी ते आले ते रबराची लांबलचक नळी घेऊन. एका टोकाला आटे, दुसऱ्या टोकाला लिंबाएवढा रबरी फुगा. फुगा दाबला की हवेने शटर उघडतं. मुंबईहून मुद्दाम मागवलेलं. आटे सैल होते म्हणून नळाला लावतात ती पांढरी टेप त्यांनी एक वेढा गुंडाळली. कॅमेरा स्टँडवर लावला, नळी चटईखालून आणली, फुगा पायाशी ठेवला आणि आईसमोर पाटावर बसून भिजवलेले वाल सोलायला घेतले. आईला म्हणाले की कॅमेरा बिघडलाय, आज काय फोटो होत नाय.

फोटो एकच मिळणार होता. खटका ओढून रोल पुढे न्यायला ते उठले असते तर आईला कळलं असतं. मी दारात उभी राहून त्यांच्या पायाकडे बघत होते. पाय काही हलेना. ते वाल सोलत राहिले, आणि फार वाईट सोलत राहिले. आई त्यांना एक-एक दाणा दाखवून समजावत होती, मग रागवायला लागली, आणि एक वाल हरीभाऊंच्या हातातून सटकून थेट तिच्या चष्म्यावर आपटला तेव्हा ती मान वर करून हसली. हरीभाऊंनी टाच टेकवली. खट.

फोटो घ्यायला मी त्यांच्याबरोबर गाडीने पेणला गेले. त्यांचा विश्वासाचा स्टुडिओ तिथला. पाकीट उघडलं, तर आई टक्क उघड्या डोळ्यांनी हसत होती. मी पाकीट मिटलं आणि पुन्हा उघडून बघितलं. हरीभाऊ म्हणाले, गाव जवळच हाय, चहा घेऊन जाऊ.

गाव खाडीच्या अंगाला होतं, मिठागराजवळ. घरी त्यांचा भाऊ आणि भावजय. भिंतीवर एकच फोटो होता, नऊवारीतल्या बाईचा, खुर्चीवर बसलेली, गळ्यात हार, डोळे मिटलेले. डोकं सरळ राहावं म्हणून मागून कुणीतरी दोन हातांनी धरलेलं.

"माझी आय," हरीभाऊ म्हणाले. "जिती असताना फोटो काढलाच नाय कोणी. पेणचा फोटोवाला आला तवा ती गेलेली." मग फोटोच्या काचेवर बोट टेकवून म्हणाले, "मागचे हात माझे हायत."

भावजयीने चहा आणून ठेवला. तो प्यायलाच हवा होता म्हणून मी प्यायले.

आईचं ऑपरेशन नीट झालं. ती पुढे बरीच वर्षं जगली, भिंतीची घाई कुणालाच झाली नाही. आज तो फोटो भिंतीवर आहे, आणि त्याच्यासमोरून जाताना मनातल्या मनात मी हरीभाऊंचे आभार मानते. तोंडावर मानले होते, पण त्यांनी तेव्हा विषय बदलला होता.

पण मला जास्त आठवतो तो ऑपरेशनच्या आधीचा रविवार. पेणहून आल्यावर मी आईला सगळं सांगितलं होतं. तिने फोटो खूप वेळ हातात धरला आणि म्हणाली, "हरीला जेवायला सांग." तिने वालाचं बिरडं केलं, तांदळाच्या भाकऱ्या केल्या. हरीभाऊ खाली मान घालून जेवत होते. आई त्यांच्यासमोर बसली आणि तिने विचारलं, "तुझ्या आईचं नाव काय रे?"

हरीभाऊंचा घास हातातच राहिला. "बायजा," ते म्हणाले. "लय वर्षांनी कोणी इचारलं."

"कशी होती बायजा?" आईने विचारलं, आणि त्यांच्या पानात भाकरी वाढली.

मग ते बोलत राहिले. बायजा मिठागरावर कशी गाणी म्हणायची, भरतीचं पाणी आलं की पोरांना कशी हाका मारायची, हसताना पदर कसा तोंडाशी धरायची. हात वाळले, चहाची वेळ झाली, तरी आई ऐकत होती. त्या दुपारी हरीभाऊ कॅमेऱ्याबद्दल एक शब्दही बोलले नाहीत.