भागवतकाकांचं नाक

“दमलीय बिचारी. आज तिला गिऱ्हाइकांसमोर नेऊ नका.”

भागवतकाका हे ग्लासातल्या बीअरबद्दल बोलत होते. माझा नोकरीचा पहिला दिवस होता. मे महिन्यात मफलर गुंडाळलेले, साठी उलटलेले गृहस्थ ग्लास उजेडासमोर धरून तिची विचारपूस करत होते आणि आजूबाजूच्या कोणालाही त्यात वावगं वाटत नव्हतं.

घोडबंदर रोडवर रोशन पाटीलचा बार आहे. बीअर तिथेच बनते आणि तळमजल्यावरच्या चार नळांतून मिळते. ती गिऱ्हाइकाला द्यायची की नाही, हे काका ठरवतात. त्यांनी वास घेऊन मान हलवल्याशिवाय नळ सुरू होत नाही. डोंबिवली एमआयडीसीत एका सुगंधी द्रव्यांच्या कंपनीत ते आयुष्यभर वास घेत होते. निवृत्तीनंतर इकडे आले. सोसायटीत त्यांनी ‘पाणीपुरवठ्याचं बघतो’ असं सांगितलंय.

मफलर पिंपांच्या थंड खोलीसाठी असतो. खिशात पेनाच्या जागी थर्मामीटर असतो. तो ते चहात बुडवतात, पाहुण्यांच्या पाण्यात बुडवतात. रोशनच्या आईच्या खिरीतही एकदा बुडवला होता. त्या अजून रागावलेल्या आहेत. काकांना नमस्कार केला तरी उत्तर येतं, “पाईप धुतले का?” दिवाळीच्या शुभेच्छांनाही हेच उत्तर मिळालं.

रोशनने गच्चीवर आणखी आठ नळ बसवायचं ठरवलं, तेव्हा काका दोन दिवस थर्मामीटर घेऊन जिना चढत-उतरत राहिले. मग म्हणाले, “अरे, तीन मजले चढताना ती तापणार. वर नुसता फेस पोहोचेल. फेस विकणार आहेस का?”

“काका, टेन्शन नका घेऊ. पाईपला थंड पाण्याची लाईन जोडतो ना. वरून जाड कव्हर.”

“आणि आठ पाईप धुणार कोण? तुझे मेव्हणे?”

पाईप चढले. कव्हरातून एक सांधा उघडा राहिलेला दिसला, तिथे काकांनी स्वतःचा मफलर बांधला आणि स्वतः शिंकत फिरले.

माझं काम मेन्यूवर बीअरची वर्णनं लिहिण्याचं. चारचौघांत मी बोलत नाही. शाळेत इंग्लिशमध्ये गप्प बसायची, घरी मराठीत. काकांना हे सोयीचं वाटलं असावं. ते ग्लास नाकाशी नेत, डोळे मिटत, मग माझ्याकडे सरकवत. “तुला कशासारखं वाटतं?” मी हळूच सांगायची, “संत्र्याच्या सालीसारखं.” ते गंभीरपणे मान हलवत. “बरोबर. मलाही तेच.” माझं कधीच चुकत नसे, याचं मला आधी कौतुक वाटलं.

मग एका दुपारी पँट्रीत चहाचं दूध करपलं. जळका वास बाहेर माझ्या टेबलापर्यंत आला. धावत गेले, तर काका शेगडीला पाठ करून, हातभर अंतरावर शांतपणे पेपर वाचत होते. मी गॅस बंद केला. त्यांनी आधी पातेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“गेल्या वर्षीच्या तापापासून,” ते म्हणाले. “काहीच येत नाही. डब्यात भाजी कुठली आहे, ते उघडून बघावं लागतं.” पेपराची घडी घातली. “रोशनला बोलू नकोस. तो वाईट वागणार नाही, पण घरी बसवेल. आणि घरी ‘जरा वास घेऊन बघ’ म्हणायला कोणी नाही गं.”

मी पातेलं घासायला घेतलं.

शनिवारी गच्चीचं उद्घाटन झालं. रोशनच्या आईने नारळ फोडला. सगळी गावकी जमलेली. रोशनने शेवटच्या, सर्वांत लांबच्या नळातून ग्लास भरला आणि जाहीर केलं, “पहिला मान काकांचा. काका ओके बोलले की सगळे नळ चालू!”

काकांनी ग्लास उजेडाला धरला. फेस निरखला. नाकाशी नेला, डोळे मिटले, उघडले. मी गर्दीच्या पलीकडे होते. हळूच सांगण्याइतकी जवळ नव्हते.

“काय झाला, काका?” रोशनचे चुलते ओरडले. “घसा सुकला आमचा!”

लोक हसले. काकाही थोडे हसले. “फोटो काढ गं माझा,” त्यांनी मला हाक मारली. मी वाट काढत पोहोचले, तेव्हा ग्लास माझ्या हातात देऊन ते केस नीट करू लागले. ग्लासाला लोण्याचा वास होता. नव्या पाईपमध्ये काहीतरी राहून गेलं होतं आणि बीअर बिघडली होती. खालच्या चार नळांवर असं कधी झालं नव्हतं.

काका केसांवरून हात फिरवत माझ्याकडे बघत राहिले. दोघांच्या मध्ये रोशन वाकून विचारत होता, “काय मग, काका? ओके ना?”

माझे कान तापले. शंभर माणसं माझ्याकडे बघतायत असं वाटलं, बघत नसावीत.

“रोशनदादा,” मी मोठ्याने म्हणाले, “काकांनी ग्लास देताना आत्ता मला सांगितलं. याला लोण्याचा वास येतोय. आज वरचे नळ सुरू करायचे नाहीत.”