सातवी बाटली

वादविवाद स्पर्धेत नाव द्यायचं ठरवलं, इथवर माझं काही चुकलं नव्हतं. चुकलं ते पुढं. भाषणाआधी आपण स्वतः तसं वागलं पाहिजे, असं मला वाटलं. (असं मला क्वचितच वाटतं, आणि दर वेळी महागात पडतं.)

आमच्या कोलकात्याच्या मराठी मंडळाचं स्नेहसंमेलन होतं. विषय होता, 'पाण्याच्या प्लास्टिक बाटल्यांवर बंदी हवी की नको?' मी बंदीच्या बाजूनं. विरुद्ध बाजूला बँकेतून निवृत्त झालेले भालचंद्रराव, म्हणजे मंडळात ज्यांच्यापुढं माइकसुद्धा दमतो ते गृहस्थ.

त्याच दिवशी आमच्या घरात याहून मोठी लढाई होती. संमेलनाच्या जेवणातली सोलकढी. तीस वर्षं ती सरलाताई करत आल्या. सरलाताई इथं कोलकात्यात, बालीगंजातच जन्मल्या, तिथंच वाढल्या. बाई मनानं सोनं, पण त्यांच्या सोलकढीत कोकम फक्त पाहुण्यासारखं येऊन जायचं. रंग बघून लोक विचारायचे, "हे ताक का?" यंदा पहिल्यांदाच तो मान माझ्या बायकोला, शकुनला मिळाला. ती मूळची वेंगुर्ल्याची. तिच्या भावानं, सलीलनं, खास सात बाटल्या आगळ पाठवलं. आगळ म्हणजे मिठातल्या कोकमाचा दाट, लालभडक रस. ते दोन दिवस रेल्वेनं आलं, आणि आलं कशातून? पाण्याच्या रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्यांतून!

"एकशेवीस माणसांनी बोटं चाटली पाहिजेत," शकुन म्हणाली, "नाहीतर मी माहेरचं नाव सांगणार नाही."

शनिवारी ती नारळ आणायला सरलाताईंबरोबर गडियाहाटला गेली. मी भाषण पाठ करत होतो. ओट्यावर नजर गेली, तर सात प्लास्टिकच्या बाटल्या माझ्याकडं बघत उभ्या! उद्या कोणी विचारलं, 'श्यामकांतराव, तुमच्या घरात काय?' तर?

मी तडक बाजारात गेलो आणि पाण्याच्या तांब्याच्या बाटल्या घेऊन आलो. दुकानात सहाच होत्या. सहा बाटल्या आगळ मी थेंब न सांडता त्यांत ओतलं. सातवी तशीच राहिली. म्हटलं, ही उद्या स्टेजवर दाखवायला. आतला लाल रस लांबून चांगला भयंकर दिसेल.

(बावीस वर्षं मी खिदिरपूरच्या गोदीत कस्टममध्ये आहे. बंद पेटीत काय आहे हे वासावरून ओळखतो. पण आंबट वस्तू तांब्यात ठेवली की कळकते, हे मला कोणत्याही सर्क्युलरमध्ये आलेलं नव्हतं.)

शकुनला काही सांगितलं नाही. सरप्राइज!

"आगळ घेतलंत ना?" रविवारी निघताना तिनं विचारलं.

"केव्हाच पिशवीत भरलं."

"मी उगाच तुम्हाला आळशी म्हणते हो," ती म्हणाली. लग्नाच्या एकोणीस वर्षांत इतकं गोड ती दुसऱ्यांदाच बोलली होती.

हॉलमध्ये ती पिशवी घेऊन मागच्या स्वयंपाकघरात गेली. मी स्टेजवर चढलो आणि काय सांगू, त्या दिवशी जिभेवर सरस्वती होती. समुद्रातले मासे, गटारात तुंबलेल्या बाटल्या, आपले पूर्वज... लोक ऐकत होते. भालचंद्रराव घाम पुसत होते.

एवढ्यात आमची कन्या चैत्राली धावत स्टेजजवळ आली. जन्म इथला, त्यामुळं तिचं मराठी जरा स्वतंत्र आहे.

"बाबा, आई विचारते, आगळ असा का झाला? तू काय केला?"

वा! आयती संधी! मी माइक तोंडाजवळ घेतला. "मंडळी, आमच्या घरी आगळसुद्धा कालपासून प्लास्टिकमध्ये नाही. तांब्यात आहे, तांब्यात!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मागं स्वयंपाकघरात काहीतरी जोरात आपटलं. बहुधा डाव.

मग मी झोळीतून सातवी बाटली काढली. "हा तो शत्रू! मी तो तुमच्यादेखत या कुंडीत रिकामा करणार आणि पायाखाली चिरडणार!" झाकण उघडलं, बाटली तिरकी केली...

"थांबाऽऽ!"

पदर खोचलेली शकुन स्टेजवर चढत होती. "झाकण लावा! आधी झाकण लावा!"

"अगं, भाषण चालू आहे."

"चालू दे! सहाच्या सहा बाटल्या कळकवल्यात मेल्या! हिरवट पाणी झालंय नुसतं. एवढी एक राहिलीय!"

तिनं बाटली माझ्या हातातून ओढली, बाळासारखी छातीशी धरली आणि पायऱ्या उतरून गेली. मग पुन्हा टाळ्या. मला काही कळेना, मी आपला नमस्कार केला.

एका बाटलीत एकशेवीस माणसं! शकुननं नारळाचं दूध घातलं, पाणी घातलं, डोळ्यांतलंही थोडं घातलं असेल. पंगतीत वाटी आली, ती दुधी. फार निरखून पाहिलं तर गुलाबी. सरलाताईंनी घोट घेतला. शकुन पदराचं टोक पिळत उभी होती.

"ओ मा! शकुन!" सरलाताईंचा चेहरा उजळला. "की शुंदोर! अगदी माझ्यासारखी झाली गं!"

शकुन हसली. ते हसू तिनं नंतर माझ्याकडं वळवलं. तेव्हा ते हसू नव्हतं.

जेवणानंतर निकाल लागला. पहिला नंबर माझा! परीक्षक म्हणाले, "पत्नीनं ऐन वेळी बाटली हिसकावून नेण्याचा नाट्यप्रयोग फार परिणामकारक. तालीम दिसत होती."

बक्षीस म्हणून मला तांब्याची पाण्याची बाटली मिळाली.

तर आता आमच्या घरात अशा सात बाटल्या आहेत. आतून-बाहेरून त्या घासायचं काम दर रविवारी माझ्याकडं आहे. तांबं कोकमानं अगदी लखलखीत निघतं, असं शकुन मोरीच्या दारात उभी राहून मला सांगते. फक्त घरात कोकम नाही.