चालणारा रुग्ण अपात्र

हिंगोली जिल्ह्यात, पुसेगावच्या बाजारापासून फार लांब नसलेल्या एका गावात मसाजी पुण्याहून नवं हृदय बसवून परत आला. गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर गावाला मिळालेलं बक्षीस परत करावं लागेल.

मसाजीचा जन्म मेंढरांमागं चालण्यात गेला होता. आता मेंढरं मेव्हण्याकडं गेली होती आणि चालणं तेवढं डॉक्टरांनी ठेवलं होतं. दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या कोमल मॅडमनी त्याला निघताना बजावलं होतं, "मेंदूकडून येणाऱ्या नसा नव्या हृदयाला जोडता येत नाहीत. तुम्ही चालायला लागलात ही बातमी त्याला उशिरा कळते. म्हणून सुरुवात सावकाश करायची, थांबायचंही सावकाश. मधे असं चालायचं की बोलता येईल, पण गाणं म्हणता येणार नाही. औषध आणि चालणं, दोन्हींतलं एकही सुटलं तर जीवाशी गाठ आहे."

बातमी उशिरा कळते म्हणजे हे काळीज आधी सरकारी नोकरीत असणार, एवढं मसाजीच्या लगेच ध्यानात आलं. तो नेमानं चालू लागला.

पण गावात रोग्याला भेटायला जायची रीत आहे, आणि त्या रीतीत रोग्याकडंही काही जबाबदाऱ्या येतात. त्यानं आडवं असावं, कण्हावं, पाहुणा दिसताच उठायचा प्रयत्न करावा आणि पाहुण्यानं "राहू द्या, राहू द्या" म्हणताच परत पडावं. भावकीतला भिवाजी बिस्किटाचा पुडा घेऊन आला, तेव्हा खाट रिकामी होती. मसाजी शिवारात फेरीला गेला होता. भिवाजीनं वाट पाहिली, चहा घेतला आणि पुडा परत घेऊन गेला.

"म्या कामधंदा सोडून भेटाया आलो, अन् हा मस्त फिरून राहिला," तो पारावर म्हणाला. "बिमार माणसाला काही रीतभात?"

संध्याकाळपर्यंत गावाचं एकमत झालं, की मसाजी ठणठणीत असून फुकटची औषधं खातो. शरीरानं परकं हृदय नाकारू नये म्हणून रोज घ्यायची ती औषधं त्याला एका योजनेतून मिळत होती. गावाचं मत कोणीतरी तत्परतेनं योजनेच्या कार्यालयापर्यंत पोचवलं. एरवी या गावातून तक्रार गेली तर पोचत नाही, ही पोचली.

तपासणी अधिकारी गृहभेटीला आले. रस्त्यात एक माणूस झपाझप चालताना दिसला म्हणून त्यांनी गाडी थांबवून त्यालाच मसाजीचं घर विचारलं.

"म्याच मसाजी, साहेब."

साहेबांचा चेहरा पडला. "तुम्ही चालताय?"

"व्हय. डॉक्टरनं सांगितलंय."

"डॉक्टरांचं आम्ही नाकारत नाही. पण निकषात 'अंथरुणाला खिळलेला' असं आहे. चालणारा रुग्ण अपात्र."

"न्हाई चाललो तर मरतो म्हणतेत, साहेब."

"मरणोत्तर प्रकरणं दुसऱ्या टेबलावर आहेत," साहेब म्हणाले. मग त्यांना दया आली. "हे पाहा, मी तुम्हाला पाहिलंच नाही. उद्या येतो. उद्या आडवे असा. आणि यापुढं आम्ही न सांगता कधीही येऊ."

मसाजी आडवा झाला. गावाला बरं वाटलं. भिवाजी तोच पुडा घेऊन पुन्हा आला आणि मनापासून हळहळला. जो येई तो तोंडाजवळ तोंड नेऊन विचारी, "काळीज कोन्या जातीचं हाय, काही समजलं का?" मसाजी कण्हायचा; आता ते ढोंग राहिलं नव्हतं. मांड्या वाळल्या, ओसरीची पायरी चढताना धाप लागू लागली. औषध मिळत होतं आणि माणूस खचत होता.

अखेर त्याच्या बायकोनं, सिंधूबाईनं मार्ग काढला. "पहाटं टमरेल घेऊन जात जा," ती म्हणाली.

यातलं शहाणपण शहरी वाचकाला समजावून सांगावं लागेल. हे गाव कागदावर हागणदारीमुक्त आहे. घरोघरी संडास आहेत आणि त्यांत गोवऱ्या, सरपण, सोयाबीनची पोती सुरक्षित आहेत. त्यामुळं पहाटे टमरेल घेऊन जाणारा माणूस अस्तित्वातच नसतो. अर्धं गाव त्या वेळी रस्त्यावर असतं आणि कोणीही कोणाला पाहत नाही. जिल्ह्यात एवढा एकांत दुसरीकडं मिळणार नाही.

मसाजी टमरेल घेऊन सावकाश निघायचा, पुढं जोर धरायचा, सावकाश परतायचा. पायांत जीव आला. एकदा तर चालता चालता तो हसला. आपण जगणार, असं त्याला पुण्यानंतर पहिल्यांदाच वाटलं.

तेवढ्यात गाव स्वच्छतेच्या स्पर्धेत शेवटच्या फेरीला पोचलं आणि पहाटेच पथक आलं. बाकीचे जाणते होते, तुरीत शिरले. मसाजीला एकदम पळायची मनाई होती. पथकाच्या प्रमुख साधना मॅडमनी त्याची नाडी धरली. ती एका लयीत चालली होती, जराही वाढली नव्हती.

"आम्हाला पाहून छातीत धडधडत नाही, म्हणजे माणूस सराईत आहे," त्यांनी नोंदवलं. नव्या हृदयाला खबर लागून ते धडधडू लागलं, तोवर मसाजी जीपमध्ये बसला होता.

शाळेत सभा भरली. उघड्यावर बसला होता म्हणावं तर गावाचं बक्षीस जाणार; फिरायला गेला होता म्हणावं तर मसाजीचं औषध.

"सांग ना बाबा, व्यायाम करून राहिलो होतो म्हणून," सरपंच परमेश्वर म्हणाला.

"मंग माझं औषध बंद व्हते."

"गावाच्या इज्जतीचा सवाल हाय."

सिंधूबाई उभी राहिली. तिनं पदर नीट केला आणि साऱ्या सभेसमोर साधना मॅडमना म्हणाली, "लिवा बाई. माझा नवरा हागायला गेला व्हता."

सभा हळहळली, संस्कृतीची इतकी अवहेलना या गावानं पाहिली नव्हती. मग भिवाजी उठला. मसाजीला रोज पहाटे व्यायाम करताना आपण डोळ्यांनी पाहतो, असं त्यानं शपथेवर सांगितलं. एकेक करून सारं गाव उठलं. पहाटे कोणालाच न दिसणारा मसाजी सगळ्यांना स्वच्छ दिसला होता. मॅडमनी विचारलं, तुम्ही सगळे पहाटे तिथं काय करत होतात? सरपंच म्हणाला, "व्यायामच."

गावाला स्वच्छतेचं बक्षीस मिळालं, आणि आरोग्याबद्दल खास उल्लेख. त्याच पुराव्यावर मसाजी तंदुरुस्त ठरून योजनेतून वगळला गेला. त्यानं अपील केलं आहे. अपिलाचा निकाल लागेपर्यंत अंथरुणाला खिळून राहण्याची अट आहे. तो खिळून आहे. औषध मात्र निकालानंतर.

पुढं त्याचं काय झालं, असं तुम्ही विचाराल. विचारलंत, बरं वाटलं. इथं सगळेच विचारतात, च्च च्च करतात आणि उठतात. तुमचीही विचारपूस झाली. या आता.