नोहाचं तारू नापास करणारे सॅमसनकाका

आमच्या शेजारच्या सॅमसनकाका थळकरांनी बायबलातलं, प्रलयात जनावरं वाचवणारं नोहाचं तारू नापास केलं होतं. कारणही द्यायचे: एवढ्या जनावरांना खिडकी एकच, आणि घाण उपसायला पंप नाही.

काका अलिबागकडचे बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. अर्धा जन्म इंजिनरूममध्ये गेला, मग सिंगापूरच्या बंदरात जहाजं तपासायला लागले. "कागद दाखव" हे त्यांचं पालुपद. पुराणपुरुषांनाही त्यातून सूट नव्हती.

"दावीद राजाच्या घराण्याचं नाव असलेला दगड सापडलाय म्हणतात. त्याला तात्पुरता पास. मोशे अजून वेटिंगवर." स्वतःच्या नावाच्या शमशोनाला तर त्यांनी दारातच अडवलं होतं. "केसांत ताकद असती तर टक्कल पडल्यावर मला कुणी जहाजावर घेतलं असतं का?"

एकदा आम्ही सिंगापूरजवळच्या पुलाउ उबीन बेटावर निघालो, तर हे बोटीत लाइफ जॅकेटं मोजत बसले. बोट सुटेना. सगळे माझ्याकडे बघायला लागले, जसं काही काकांना मीच जन्माला घातलंय.

रिबेकाकाकूंचं वेगळं होतं. नवरा जहाजावर निघाला की त्या एलिया संदेष्ट्याला नवस बोलायच्या, आणि तो सुखरूप परतला की मलिदा करायच्या. भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं, भोवती फळं.

"आमच्या अलिबागकडे खडकावर स्वर्गात जाणाऱ्या एलियाच्या रथाची खूण आहे," काकू सांगायच्या.

"बैलगाडीची आहे ती," काका म्हणायचे, आणि मलिदा दोनदा मागून घ्यायचे.

सार्सच्या साथीत काकू सिंगापूरच्या नोव्हेना भागातल्या एका हॉस्पिटलात वारल्या, हृदयविकाराने. त्या दिवसांत भेटायला कुणालाच आत सोडत नव्हते.

वर्ष झालं त्या दिवशी काकांनी मला बोलावलं. डोक्यावर प्रार्थनेची टोपी, समोर मलिद्याचं ताट. पोह्यांचा पार लगदा झाला होता. मला चिमटे काढायची खोड. म्हटलं, "काय काका, एलियाचा कागद सापडला वाटतं?"

काका ताटातलं केळं सरळ करत राहिले.

"नाही सापडला. सापडायचाही नाही," ते म्हणाले. "पण रिबेका गेली तेव्हा मी खाली गेटपाशी उभा होतो. आत जायचा कागद माझ्याकडेही नव्हता. एलिया होऊनच गेला नाही म्हटलं, तर ती एकटीच गेली असं होतं रे. त्यावर मला सही करता येत नाही."

मला माझ्या जिभेची लाज वाटली. हात धुऊन ताटापाशी बसलो, आणि तो लगदा दोनदा मागून घेतला.